सलाईन काढल्यानंतर: सिस्प्लॅटिनचे दुष्परिणाम आणि तालुक्याची जबाबदारी

(दौंड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एका औषधाचे नाव सांगितले. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून कॅन्सरच्या उपचारासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसांच्या फायली चाळल्या, तर ते नाव पुन्हा पुन्हा दिसते. तोंडाचा कॅन्सर असो, घशाचा असो, गर्भपिशवीच्या तोंडाचा असो, फुप्फुसाचा किंवा अंडाशयाचा असो, कागदावर कुठेतरी ‘सिस्प्लॅटिन’ लिहिलेले असते. तंबाखू आणि मिश्री आपल्या घरांत किती मुरलेली आहे हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यामुळे हे औषध आपल्या भागाला परके राहिलेले नाही.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हे औषध शहरातल्या रुग्णालयात काही तासांत चढते. त्याचे परिणाम मात्र न्हावऱ्याला, पाटसला, यवतला, टाकळी हाजीला, घरच्या खाटेवर दिसतात. काही दुसऱ्या दिवशी, काही आठवड्याने, काही तर उपचार संपल्यावर महिन्यांनी. त्या वेळी जवळ कॅन्सरतज्ज्ञ नसतो. जवळ असते सून, मुलगा, आशाताई, गावातले डॉक्टर आणि मेडिकलवाला. म्हणून दुष्परिणाम वेळेत ओळखण्याचे काम शहराइतकेच तालुक्याचे आहे, आणि ते काम आपण अजून अंगावर घेतलेले नाही.

प्लॅटिनमचे औषध

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम या धातूचे संयुग आहे. इटलीचे मिकेले पेरोने यांनी ते १८४४ च्या सुमारास तयार केले, तेव्हा त्याचा औषध म्हणून कुणी विचारही केला नव्हता. पुढे सुमारे एकशेवीस वर्षांनी अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो हे तपासत होते. जिवाणू वाढत राहिले, पण दुभंगेनात. लांबच लांब धाग्यांसारखे झाले. कारण शोधता शोधता कळले की हा विजेचा परिणाम नव्हताच. विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून सुटलेले संयुग पेशींची फाळणी थांबवत होते. हा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, आणि वृषणाच्या कॅन्सरने मरणारी तरुण मुले बरी होऊ लागली.

औषध पेशीत शिरले की त्यातले प्लॅटिनम डीएनएच्या धाग्याला चिकटते आणि त्याचे जवळजवळचे भाग एकमेकांत अडकवून टाकते. त्या पेशीला मग स्वतःची नक्कल करता येत नाही आणि ती मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर दुभंगतात, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण रक्तातून फिरणारे प्लॅटिनम मूत्रपिंडात, कानात आणि नसांमध्येही साठते. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास, दोन्ही त्याच प्लॅटिनममुळे होतात. ‘गुण येऊ दे, त्रास नको’ अशी निवड इथे मिळत नाही. त्रास आधी ओळखून त्याला थोपवणे एवढेच आपल्या हातात असते, आणि ते पुष्कळ आहे.

एवढे जहाल औषध कशासाठी?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-बी टप्प्यात पोचलेल्या ८५० स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २००३ ते २०११ या काळात त्या अभ्यासात दाखल झाल्या. निम्म्या स्त्रियांना फक्त रेडिएशन मिळाले, ज्याला आपले पेशंट ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. उरलेल्या निम्म्यांना शेकाच्या जोडीने दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिले गेले. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटात शंभरांपैकी ४६ स्त्रिया हयात होत्या, औषध घेतलेल्या गटात ५४. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर घरांमागे आठ घरांत आई राहिली, इतका फरक त्या औषधाने केला.

त्याच वर्षी टाटातूनच तोंड आणि घशाच्या कॅन्सरवरचा ३०० रुग्णांचा अभ्यास आला. शेकासोबत सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडे थोडे द्यावे की तीन आठवड्यांनी एकदम मोठ्या मात्रेत, हा प्रश्न होता. दोन वर्षांनी मूळ जागेचा आजार आटोक्यात असलेले रुग्ण मोठ्या मात्रेच्या गटात सुमारे ७३ टक्के होते, आठवड्याच्या लहान मात्रेच्या गटात सुमारे ५८ टक्के. पण तीव्र दुष्परिणामही मोठ्या मात्रेत जास्त, म्हणजे सुमारे ८५ टक्के विरुद्ध ७२ टक्के. डॉक्टर मोठी मात्रा सुचवतात तेव्हा ते आकडे त्यांच्या मनात असतात. पेशंट आणि घरच्यांनाही ते समजावून सांगायला हवेत. काय मिळवण्यासाठी काय सोसायचे आहे हे माहीत असले, की माणूस उपचार अर्ध्यावर सोडत नाही.

मला सर्वांत जास्त भय त्या अर्ध्यावर सोडण्याचे वाटते. पाचपैकी दोन सलाईन झाल्यावर ‘आता सोसवत नाही’ म्हणून घरी राहिलेल्या पेशंटने त्रास तर सोसलेला असतो, पण फायदा पूर्ण पदरात पडलेला नसतो. आणि बहुतेक वेळा जो त्रास सोसवला नाही, त्यावर उपाय उपलब्ध असतो.

मूत्रपिंडे

सुरुवातीच्या काळात हे औषध जवळजवळ बाद होण्याच्या मार्गावर होते, कारण ते मूत्रपिंडे निकामी करत असे. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन देऊन लघवीचा प्रवाह वाढवला, तर ही हानी पुष्कळ कमी होते. आजही सगळी पद्धत त्याच पायावर उभी आहे.

किमोच्या खोलीतला दिवस जवळून पाहा. दौंडहून पहाटेच्या गाडीने निघालेली बाई दंडाला पट्टी बांधून खुर्चीत बसलेली असते. सिस्टर आधी साधी सलाईन लावते, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मिसळलेले असते. मग उलटीची इंजेक्शने, आणि त्यानंतर सिस्प्लॅटिनची बाटली. त्यासाठी वापरायच्या सुईत किंवा नळीत ॲल्युमिनियमचा भाग चालत नाही, कारण ॲल्युमिनियमशी गाठ पडली की औषध बिघडते आणि काळा गाळ धरतो. त्यानंतर पुन्हा सलाईन. अधूनमधून सिस्टर विचारते, ‘मावशी, लघवीला जाऊन आलात का?’ तो प्रश्न औपचारिक नसतो. बाटलीतल्या औषधाइतकेच महत्त्व त्याच्या मागेपुढे गेलेल्या पाण्याला आहे.

संध्याकाळी ती घरी निघते आणि पाण्याची जबाबदारी घरावर येते. आपला हा पूर्वेकडचा पट्टा अवर्षणाचा. मे महिन्यात पत्र्याखालच्या घरात उलट्या होत असलेले माणूस पाणी पीत नाही, कारण प्यायले की उलटते. दोन दिवस असे गेले की मूत्रपिंडांवर घाला पडलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर पहिले काही दिवस दिवसाला दोन-तीन लिटर द्रव पोटात जायला हवे. एकदम तांब्याभर पाणी नको, घोट घोट, सतत. ताक, भाताची पेज, लिंबूपाणी, ओआरएस, काहीही चालेल. हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो, कारण त्यांकडे दुर्लक्ष झाले की जीव जातात. पहिली: ‘लघवी होतेय, म्हणजे किडनी ठीक आहे’ हा हिशेब या औषधाला लागू पडत नाही. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंड बिघडले तरी लघवी बहुधा होत राहते. बिघाड कळतो तो रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीत, आणि तो आकडा काही दिवसांनी चढतो. त्यामुळे पुढच्या सलाईनच्या आधीची रक्ततपासणी कधीही चुकवू नका.

दुसरी गोष्ट गावातल्या माझ्या डॉक्टर बंधूंसाठी. या पेशंटची कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देऊ नका, आयबुप्रोफेनच्या गोळ्या देऊ नका. ताप आला म्हणून जेंटामायसिन किंवा अमिकासिन टोचू नका. ही औषधे एरवी उपयोगी आहेत, पण सिस्प्लॅटिनच्या जोडीला ती मूत्रपिंडावर दुहेरी मार करतात, आणि त्यातली जंतुनाशके कानावरही. पायात गोळे येणे, बोटे आखडणे, अंग थरथरणे ही तक्रार आली तर ‘अशक्तपणा’ म्हणून ताकदीची सलाईन लावून मोकळे होऊ नका. औषधामुळे लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून जाते, त्याची ही खूण असू शकते. रक्तातले मॅग्नेशियम तपासा आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करा.

उलट्या

उलट्या आणणाऱ्या औषधांत सिस्प्लॅटिनचा नंबर सर्वांत वरचा. लोकांना ठाऊक असतात त्या पहिल्या दिवसाच्या उलट्या, कारण त्या वेळी पेशंट रुग्णालयात किंवा परतीच्या गाडीत असतो. पण या औषधाची दुसरी लाट असते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते आणि चार-सहा दिवस टिकू शकते. पहिल्या लाटेत आतड्यांमधून सुटलेले सेरोटोनिन मेंदूपर्यंत खबर पोचवते, दुसरीत वेगळी रसायने काम करतात. म्हणून पहिल्या लाटेची गोळी दुसरीला पुरत नाही, आणि डॉक्टर दोन-तीन प्रकारच्या गोळ्या काही दिवसांसाठी लिहून देतात.

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी बरे वाटले की गोळ्या थांबवल्या जातात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस आडवे होते. त्या गोळ्या उलटी झाल्यावर घेण्याच्या नसतात; ती होऊ नये म्हणून ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. त्यात ओलान्झापिन नावाची गोळी असते. ती मूळची मानसिक आजारावरची. मेडिकलच्या काउंटरवर कुणी सहज बोलून जाते, ‘ही तर डोक्याची गोळी आहे, कशाला देता?’ आणि घरचे ती बंद करतात. कृपा करून असे करू नका. मोठ्या अभ्यासांत या गोळीने सिस्प्लॅटिनच्या मळमळीवर चांगला परिणाम दाखवला आहे. तिने पेशंटला फार झोप येते ही तक्रार खरी होती. त्यावरही टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अभ्यास केला. नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी उलट्यांवरचा ताबा तेवढाच राहिला आणि दिवसाची झोप पुष्कळ कमी झाली. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोळी जड वाटत असेल तर बंद करण्याऐवजी मात्रा कमी करता येईल का, हे विचारा.

कान, हात, पाय

किमो म्हटले की घरात पहिला प्रश्न केसांचा निघतो. सिस्प्लॅटिन एकटे दिले तर केस बहुधा विरळ होतात, सगळे जातातच असे नाही. मग घरचे म्हणतात, ‘हिला औषध चांगले मानवले.’ डोळ्यांना दिसणारा त्रास झाला नाही म्हणजे त्रासच नाही असे धरले जाते, आणि न दिसणारे परिणाम हळूहळू घर करतात.

कानाचे घ्या. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाज टिपतात. सिस्प्लॅटिन त्यांना मारते, आणि सुरुवात सर्वांत बारीक, उंच स्वरांच्या पेशींपासून होते. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की शरीरातल्या बाकी बहुतेक भागांतून प्लॅटिनम निघून जाते, पण आतल्या कानात ते कितीतरी महिने, काहींच्या बाबतीत वर्षे टिकून राहते. म्हणून ऐकू कमी येण्याची तक्रार उपचारानंतरही वाढू शकते.

ती कशी ओळखायची? माझ्याकडे आलेल्या एक शेतकरी बाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, ऐकू येतंय, पण बोलणं कळत नाही.’ त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते. जाड, खालच्या पट्टीतले आवाज शाबूत राहतात. ‘स’, ‘श’ यांसारखे उंच पट्टीतले आवाज गळून पडतात. नातवाचे पातळ आवाजातले बोलणे आधी हरवते. लग्नघराच्या गलक्यात काहीच समजत नाही. घरचे म्हणतात, ‘आजी लक्ष देत नाही.’ आजी गप्प बसू लागते. कानात सतत गुणगुण किंवा शिट्टी वाजणे ही पहिली खूण असते. ती सांगितली तर डॉक्टर श्रवणतपासणी करून मात्रा बदलू शकतात, किंवा कार्बोप्लॅटिनसारखे दुसरे औषध निवडू शकतात. लहान मुलांमध्ये कानाचे रक्षण करण्यासाठी सोडियम थायोसल्फेट या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आहे. प्रौढांच्या बाबतीत आजही मुख्य आधार वेळेवर केलेल्या तक्रारीचा आहे.

नसांचेही तसेच. मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात, मग हाताच्या बोटांना येतात. तांदळातले खडे निवडताना बोटांना खडा कळत नाही, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही. शेवटची सलाईन झाल्यावरही हा त्रास काही महिने वाढत जाऊ शकतो. अशा माणसाने अनवाणी शेतात जाऊ नये, चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवू नये, रोज रात्री तळपाय पाहावेत. मधुमेह असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

ताप

पांढऱ्या पेशी कमी होण्याविषयी थोडक्यात बोलतो, कारण नियम एकच आहे. किमो चालू असलेल्या माणसाला १०० अंशांवर, नेमके सांगायचे तर १००.४ फॅरनहाइट ताप आला, की तो घरी पाहण्याचा ताप नाही. पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ असे म्हणू नये. अंगात जंतूंशी लढायला पेशी नसतील तर सकाळ होईपर्यंत रक्तात विष पसरू शकते. रात्र असली तरी गाडी काढा, फाईल सोबत घ्या आणि दारातच सांगा: ‘किमो चालू आहे.’ घरात थर्मामीटर हवाच. हात लावून ताप ठरवू नका. तापाखेरीज घरच्यांसाठी आणखी एक सूचना: औषध चढल्यावर पहिले ४८ तास पेशंटची उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घाला, कारण त्यात औषधाचा अंश असतो. जवळ बसण्याने, एका ताटात जेवण्याने कॅन्सर होत नाही. तेवढ्यासाठी कुणाला वेगळे काढू नका.

तालुका काय करू शकतो

कुणी म्हणेल, ही मोठ्या शहरांची कामे. गावाला काय समजावणार? त्याचे उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. दौंडहून कुर्डुवाडी आणि तिथून बार्शी. १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लक्षणे बायकांना समजावून सांगितली, आणि काही वर्षांत बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. माहिती दारापर्यंत पोचली आणि लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. आजाराच्या लक्षणांबद्दल जे बार्शीत झाले, ते औषधाच्या दुष्परिणामांबद्दल शिरूर-दौंडमध्ये का होऊ नये?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर केले आहे. औषध जिल्ह्यापर्यंत येणार आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र औषध जितके जवळ येईल, तितके त्याचे परिणाम हाताळणारी माणसेही जवळ तयार व्हायला हवीत.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या करतो. पहिली उपचार करणाऱ्या रुग्णालयांकडे: किमो घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या हाती मराठीत एक कागद द्या. त्यावर औषधाचे नाव, मात्रा, तारीख, देऊ नयेत अशी औषधे, ताबडतोब यावे अशी लक्षणे आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मोफत झाले तरी त्या कागदावाचून ते अपुरे राहतात. दुसरी शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांकडे आणि खासगी डॉक्टरांच्या संघटनांकडे: क्रिएटिनिन, मॅग्नेशियम आणि रक्तपेशींची तपासणी त्याच दिवशी व्हावी, तापाच्या किमो पेशंटला रांगेत बसवू नये, आणि वर्षातून एकदा आशाताईंना या लक्षणांचे शिक्षण द्यावे. तिसरी आपणा सर्वांकडे: पेशंटला ‘कसे वाटतेय?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘पाणी किती प्यायलात? कानात वाजतंय का? पायाला मुंग्या आहेत का? पुढची तपासणी कधी?’ असे विचारा. तो घाबरेल असे समजू नका. आपला त्रास कुणाला तरी ठाऊक आहे आणि त्यावर उपाय आहे, हे कळले की माणसाला धीर येतो, आणि तो पुढच्या सलाईनला जातो.

टाटाच्या अभ्यासातल्या त्या शंभरांमागच्या आठ स्त्रिया त्या औषधामुळे वाचल्या. आपल्या दोन तालुक्यांतल्या पेशंटना तो वाटा पूर्ण मिळावा, एवढ्यासाठी आज मी इथे उभा आहे. ज्यांच्या स्मृतीला वंदन करायला आपण जमलो, त्यांच्या नावाने हा मराठी कागद छापून घेण्याचे काम संयोजकांनी या वर्षी हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.